पिशव्या भरल्या, मन भरलं का?

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. बराकींत संसार थाटले, पापड-लोणची विकून पोट भरलं. 1949 मध्ये या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. आज इथल्या गजानन मार्केटमध्ये बदलापूर-अंबरनाथचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. दोन्ही हातांत पिशव्या, तरी पाय पुढच्या दुकानापाशी अडखळतात.

मग मन का भरत नाही? अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्ये मांडलं, की देशाचं उत्पन्न वाढलं तरी लोकांचं समाधान त्या प्रमाणात वाढत नाही. माणूस स्वतःला शेजाऱ्याशी ताडून पाहतो. पण बराकीतून पक्क्या घरात गेलेल्यांचं सुख खरंच होतं, ते हव्यासात मोजू नये. हव्यासाचा भार उल्हासनगरमधल्या वालधुनी नदीने वाहिला: इथल्या कारखान्यांत जीन्स रंगवल्या-धुतल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिच्यातच सोडलं गेलं.