जायबंदी गुडघा आणि मंडळाचा शेरा

पलूस तालुक्यातील शिपाई पलटणीतून घरी परततो, तेव्हा त्याच्या गुडघ्याची व्यथा माडीचा जिना चढताना प्रकट होते. कागदावर मात्र वैद्यकीय मंडळाचा शेरा असतो : विकार सेवेमुळे उद्भवला नाही, सेवेने बळावलाही नाही. या दोन नकारांनी अपंगत्वाचे निवृत्तिवेतन अडते, मग गुडघा २० टक्के निकामी असो की ४०. बहुतेक जण येथेच हात टेकतात.

वास्तविक हा शेरा अखेरचा नव्हे. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी १९८२ च्या नियमांचा अर्थ लावला. भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नाही तो सेवेतच जडला असे सामान्यतः मानावे. पुराव्याचा भार शिपायावर नाही. आणि मंडळाने नकार दिला तर कारणेही द्यावीत. तो खटला फेफऱ्याचा होता, पण न्याय गुडघ्यालाही तोच. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम इतके अनुकूल नाहीत. म्हणून सेवा केव्हा संपली, हे आधी पाहावे.

भरतीच्या तपासणीची नोंद, अपघाताचा अहवाल, लष्करी इस्पितळाचे कागद हीच खरी साक्ष. आणि खेडेगावात पोरे नेमक्या त्याच कागदांच्या होड्या करतात! पहिले अपील सहा महिन्यांत करावे, मग दुसरे. तेथेही नकार आल्यास मुंबईस सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. मार्गदर्शनासाठी सांगलीस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. विलंबाने हक्क सहसा बुडत नाही. परंतु तरसेम सिंग खटल्यातील २००८ च्या निर्णयानुसार थकबाकी साधारणतः मागील तीन वर्षांचीच हाती येते.