कोळसा आणि पाण्यातले धातू



पाणी नितळ दिसले की आपण म्हणतो, पाणी चांगले आहे. पण सगळेच नितळ पाणी निर्मळ नसते. शिसे, पारा यांसारखे जड धातू पाण्यात मिसळलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. शिसे लहान मुलाच्या अंगात साठत गेले, की त्याची बुद्धी खुंटते. मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्यालाच बोल लावतो!

हे धातू येतात कोठून? काही कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतात. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात, तेथून येतात. काही ठिकाणी जमिनीतूनही येतात.

आपल्या देशाचा नियम असा, की 1 लाख लिटर पिण्याच्या पाण्यात 1 ग्रॅमपेक्षा जास्त शिसे नको. 1 लाख लिटर म्हणजे 10 मोठे टँकर. आणि 1 ग्रॅम म्हणजे चिमूटभर!

तुरटीने गाळ खाली बसतो. उकळल्याने जंतू मरतात. पण धातू उकळून जात नाही. पाणी आटते, धातू तेवढाच राहतो.

येथे कोळसा कामी येतो. चुलीतला नव्हे बरं का! बंद भट्टीत, हवा लागू न देता लाकडाचा कोळसा करतात. मग त्या तापलेल्या कोळशातून वाफ सोडतात. वाफेने त्याला अतिशय बारीक छिद्रे पडतात. असल्या 1 ग्रॅम कोळशाचे आतले-बाहेरचे अंग पसरले, तर सुमारे 10 गुंठे जागा भरेल. याला सक्रिय कोळसा म्हणतात. धातू घट्ट धरावा म्हणून त्यावर आम्लाचीही प्रक्रिया करतात. मग धोतराला कुसळे चिकटावीत, तसे धातूचे कण त्याला चिकटतात.

पण आम्ही तीन गोष्टी बजावून सांगतो.

एक, कोळसा सगळे धातू सारखे धरीत नाही. शिसे बरे धरतो. सोमलाला साधा कोळसा पुरत नाही.

दोन, कोळशाचेही पोट भरते. मग धातू सरळ पाण्याबरोबर पुढे जातो आणि चवीवरून ते कळत नाही. म्हणून कोळसा ठरल्या मुदतीत बदलावा.

तीन, वापरलेला कोळसा चुलीत घालू नये, शेतात टाकू नये. धरलेला धातू त्यातच असतो.

म्हणून आधी पाणी तपासून घ्या, मग गाळणी घ्या. गावच्या जलसुरक्षकाला सांगा, "जंतूंची तपासणी झाली, आता धातूंचीही करा." ग्रामसभेत अहवाल मागा. आता तुम्हांला वाचता येते. तो अहवाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नका. आपल्या डोळ्यांनी वाचा.