इंधन, उपादान, प्रणोदक
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



विषय ऐकून काहींना वाटले असेल, बुद्धविहारात रॉकेटचे काय काम? काम आहे. आमच्या अभ्यासवर्गातील एका मुलीने परीक्षेत लिहिले, 'रॉकेटच्या इंधनाला प्रणोदक म्हणतात.' गुण गेले. त्यावर ती म्हणाली, "हे शब्द आपले नव्हेतच." गेलेल्या गुणांपेक्षा हे वाक्य आम्हाला अधिक लागले.

आधी घरातले शब्द पाहू. आपल्या आयाबाया जळण म्हणाल्या, सरपण म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या शेणी म्हणाल्या, मराठवाड्यातल्या गवऱ्या. मानखुर्दला आल्यावर चूल सुटली, स्टो आला आणि त्याबरोबर रॉकेल. जुनी माणसे त्याला घासलेट म्हणत. रेशनच्या रांगेत डबा धरून उभे राहिलेल्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. आता गॅस आहे. पण सिलिंडर रिकामा झाला तर 'गॅस संपला' असे आपण म्हणतो, 'इंधन संपले' असे कोणी म्हणत नाही. इंधन हा शब्द आपल्याकडे आला तो वर्तमानपत्रातल्या दरवाढीतून. त्याचा धातू इन्ध्, म्हणजे पेटवणे.

आता त्या मुलीची चूक. स्टोमध्ये आपण फक्त रॉकेल भरतो. जळायला लागणारा ऑक्सिजन हवेतून फुकट मिळतो. रॉकेट हवेच्या पलीकडे जाते, म्हणून त्याला ऑक्सिजनची शिदोरी बरोबर न्यावी लागते. इंधन आणि ऑक्सिडीकारक या दोहोंना मिळून प्रणोदक म्हणतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात ही दोन्ही एकाच घन मिश्रणात असतात, दुसऱ्या टप्प्यात ती द्रवरूपाने वेगवेगळ्या टाक्यांत असतात. ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्हीचे उड्डाण प्रथमच भारतीय क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी झाले. अशा इंजिनात द्रव हायड्रोजन हे इंधन, आणि त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट द्रव ऑक्सिजन! साऱ्याला 'इंधन' म्हटले की सहातले पाच भाग हिशेबातून गळतात. वर्तमानपत्रे 'घन इंधन, द्रव इंधन' असे सर्रास छापतात, तेव्हा चूक एकट्या मुलीची नाही. बंदुकीची गोळी ढकलणाऱ्या प्रणोदकाला मात्र मराठीत जुना शब्द आहे, दारू. (पंचशीलातली वेगळी!)

आपल्या शेजारी तुर्भ्याला तिसराच प्रकार. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीतल्या युरेनियमला अणुइंधन म्हणतात, पण ते जळत नाही. त्याला ऑक्सिजन नको, धूर नाही, राख नाही. अणुकेंद्र दुभंगून उष्णता निघते. शब्द चुलीचा, काम निराळे. विज्ञान असे जुने शब्द उसने घेते, तेव्हा अर्थ नव्याने विचारून घ्यावा लागतो.

आणि 'आपले नव्हेत' म्हणावे तर पालीकडे पाहा. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत तृष्णेनंतर उपादान येते. आपण त्याचा अर्थ 'आसक्ती' असा पाठ करतो. पण पालीत उपादान म्हणजे जळणसुद्धा! मज्झिमनिकायात वच्छगोत्त परिव्राजक विचारतो, मुक्त झालेला पुढे कोठे जन्मतो? भगवान उलट विचारतात, समोरचा अग्नी विझला तर तो कोणत्या दिशेला गेला? गवत-काड्यांच्या उपादानावर तो जळत होता. ते सरले, नवे घातले नाही, म्हणून विझला. दिशेचा प्रश्नच लागू पडत नाही. चुलीतले लाकूड मागे ओढून जाळ कमी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे सूत्र समजावयाला टीका लागली नसती. आम्हाला तर वाटते, 'आसक्ती' या भाषांतराने निम्मा अर्थ झाकला.

प्रणोदकही परका नाही. त्यातला धातू नुद्, म्हणजे ढकलणे. धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात पहिल्याच गाथेत 'पनुद' हा शब्द आहे: कामवासना दूर लोट. विहारात गाथा म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडी तो धातू आधीपासून आहे. बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड तोच आहे. संस्थेच्या वाचनालयात तो चाळून पाहा.

त्या मुलीने आता वहीत लिहिले आहे: 'प्रणोदक म्हणजे इंधन अधिक ऑक्सिडीकारक.' खाली तिच्या आजीकडून मिळालेले जळणाचे सात शब्द आहेत. त्यांतले दोन आम्हालाही नवे होते.