यंत्र उठतें, पण जोडणी उठत नाहीं



रिद्धपूरचें नांव निघालें म्हणजे गोविंदप्रभु आठवतात आणि मागोमाग म्हाइंभट. तेराव्या शतकांत त्यांनीं चक्रधरांच्या लीळा, ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या त्यांना विचारविचारून, याच गांवीं गोळा केल्या. मराठी भाषेचें विद्यापीठहि आतां येथेंच आहे. मी मात्र आज बोलणार आहें तें येथील एका जुन्या संगणकाविषयीं.

हा संगणक एका पोथीसंग्रहांत आहे. पानांचीं छायाचित्रें त्यावर सांठवावयाचीं, आणि यंत्र सुरू होतांच त्यांची एक प्रत अमरावतीच्या दुसऱ्या यंत्राकडे आपोआप जावी, अशी व्यवस्था मींच करून दिली होती. प्रणाली लिनक्स. फिनलंडांत लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला. तिला मोल पडत नाहीं आणि जुन्या यंत्रावरहि ती बरी चालते. पावसाळ्यांत वीज जाणें आम्हां वऱ्हाडकरांस नवें नाहीं, म्हणून वीज येतांच यंत्रानें स्वतः उठावें असेंहि योजिलें होतें. तें उठतहि असे. परंतु तीन आठवड्यांनीं अमरावतीस पाहतों तों नवें एकहि पान पोंचलेलें नाहीं! त्या काळांत टिपलेलें सारें एकाच तबकडीवर होतें, आणि त्यांतील एक पोथी तर तिच्या धन्याकडे परतहि गेली होती.

मी तांतडीनें रिद्धपुरास गेलों, यंत्रापुढें बसलों, संकेतशब्द दिला, आणि वायफाय तत्काळ जुळलें. वैद्य दारांत येतांच रोग्याचा ताप उतरावा, तसा प्रकार. दोन खेपा मी असा फसून परतलों.

तिसऱ्या खेपेस लक्षांत आलें कीं, माझी परीक्षाच चुकीची होती. मी पाहत असें तेव्हां एक मनुष्य आपलें नांव सांगून यंत्रांत शिरलेला असे. वीज यंत्र उठवी तेव्हां आंत कोणीच शिरत नसे. आतां बहुतेक लिनक्स यंत्रांवर जोडणीचा कारभार नेटवर्कमॅनेजर पाहतो. वायफायचा संकेतशब्द तो दोन ठिकाणीं ठेवूं शकतो : एक तर सर्व यंत्राच्या मालकीच्या फाइलींत, नाहीं तर त्या त्या व्यक्तीच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत. हा जुडगा ती व्यक्ती आंत आल्याशिवाय उघडत नाहीं. आमचा संकेतशब्द नेमका तेथें होता. वायफाय समोर दिसत होतें, यंत्र जागें होतें, पण किल्ली कोणाच्या तरी खिशांत!

उपाय सोपा. जोडणीच्या मांडणींत दोन खुणा असतात. 'आपोआप जोडावें' ही एक, आणि 'सर्व वापरकर्त्यांस मोकळीक' ही दुसरी. पहिली आमच्याकडे होती; दुसरी केली कीं संकेतशब्द यंत्राच्या फाइलींत जातो. तेथें तो साध्या अक्षरांत राहतो आणि केवळ मुख्य कारभाऱ्यास, म्हणजे 'रूट'ला, वाचतां येतो. तबकडीच चोरीस गेली तर मात्र चोरहि वाचूं शकेल. सकळ लिपीचें कुलूप आपल्या ग्रंथांस घालणाऱ्या पंथाच्या गांवीं हें सांगतांना जरा संकोच वाटतो, परंतु आमच्या कामापुरता हा सौदा मला मान्य आहे.

येथें माझ्या उतावीळपणानें आणखी एक दिवस घेतला. खुणा करण्याऐवजीं मीं दुसऱ्या यंत्रावरील तयार फाइलच उचलून आणून ठेविली. ती इतरांनाहि वाचतां येत होती, आणि अशा उघड्या फाइलीस नेटवर्कमॅनेजर शिवतच नाहीं. मालकी रूटकडे देऊन इतरांचें वाचन बंद केलें, तेव्हां तिचा स्वीकार झाला. हें सारें 'जर्नलसीटीएल' या आज्ञेनें दिसणाऱ्या नोंदवहींत स्पष्ट लिहिलेलें होतें. मींच ती उशिरा उघडली. डेबियन वापरणारांनीं एवढें पाहावें कीं, जुन्या 'इंटरफेसेस' फाइलींत आपल्या जोडणीच्या उपकरणाचें नांव राहिलें असल्यास नेटवर्कमॅनेजर त्यास आपलें मानीत नाहीं.

जोडणी जुळली, तरी पानें जाईनात. वीज आल्यावर राउटरला सावध होण्यास वेळ लागे, आणि प्रत पाठविण्याचें काम त्याआधींच धांवत जाऊन हात हालवीत परते. सिस्टिमडीस 'नेटवर्क खरोखर लाभल्यावरच हें काम कर' असें सांगतां येतें, तसें सांगितलें. परंतु तें वाट पाहणेंहि कांहीं काळानें संपतें. म्हणून तेंच काम दर तासानें पुन्हां व्हावें, असें घड्याळ लाविलें.

नंतर मीं मुख्य कळ बंद करून पुन्हां उघडली, आणि संकेतशब्द न देतां, पडद्यास हात न लावतां, बाहेर ओट्यावर येऊन बसलों. पहिला तास रिकामा गेला. दुसऱ्या तासास अमरावतीहून दूरध्वनि आला : पानें येऊं लागलीं होतीं, आणि परत गेलेली ती पोथीहि त्यांत सबंध होती.