मित्रकीटकांचे सहकार्य आणि धानाचा खोडकिडा



स्क्लेरोडर्मस ही परोपजीवी माशी मुंगीएवढी. तिचे भक्ष्य मात्र लाकूड पोखरणारी मोठी अळी. या माशीवरील चीनमधील संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकीला न पेलणारी अळी अनेक माद्या मिळून लुळी करतात व तिच्यावर आपली पिल्ले एकत्र वाढवितात.

आपल्या सिरोंच्यातील धानासाठी उपयोगी ट्रायकोग्रामा जापोनिकमची मादी मात्र खोडकिड्याच्या अंड्यात एकटीच अंडी घालते. त्यामुळे अळी निघण्यापूर्वीच किडीचा नाश होतो. येथे सहकार्य हवे ते आपले. पतंग दिसताच हेक्टरी ५०,००० ट्रायकोग्रामा ७ दिवसांच्या अंतराने ३ ते ४ वेळा सोडावेत. त्या काळात रासायनिक कीटकनाशक फवारू नये. त्याने मित्रच आधी मरतो. बांधाला बांध असणाऱ्यांनी हे काम मिळून करावे.