पहिला पगार होईपर्यंत

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यानंतर नाट्यगीतं आहेत आणि त्यानंतर जेवण आहे, याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही. 'आम्ही' म्हणजे मंडळातले आठ जण. सहा सॉफ्टवेअरवाले, एक जण कंत्राटदार कंपनीत एसीची कामं बघतात, आणि एक ताई इथल्या शाळेत शिकवतात. उभं एकानेच राहायचं असतं म्हणून एक जण उभा आहे. बोलणं आठही जणांचं आहे आणि ज्या चुका सांगणार आहोत त्याही आठही जणांच्याच.

सुरुवात चुकीपासूनच करतो. तीन वर्षांपूर्वी मंडळाने असाच निधी जमवला आणि तो कसा वापरायचा हे आमच्यावर सोपवलं. आम्ही पडलो संगणकवाले, त्यामुळे मदत म्हटली की आम्हांला संगणकच सुचणार! मुंबईत मानखुर्दच्या बाजूला वस्तीतल्या मुलांसाठी एक प्रशिक्षण केंद्र आहे. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नाही. तिथे आम्ही दहा संगणक घेऊन दिले. फोटो आले, आभाराचं पत्र आलं, आपल्या वार्षिक अंकात छापूनही आलं. पुढच्या सुट्टीत आमच्यातले तिघे बघायला गेले. संगणक उत्तम स्थितीत होते. प्रत्येकावर झालरीचं कव्हर. मुलं टॅली शिकत होती, टायपिंग शिकत होती. शेजारच्या खोलीत एसी दुरुस्तीचा वर्ग होता. भिंतीवर प्रमाणपत्र वाटपाचे फोटो.

निघताना सहज विचारलं, "ही फोटोतली मुलं आता कुठे आहेत?" सरांनी रजिस्टर काढलं. नाव, पत्ता, कोर्स, मिळालेले गुण, कुठे नोकरी लागली, सगळं व्यवस्थित. त्यापुढे रकानाच नव्हता. नोकरी लागली, नोंद संपली.

मग आम्ही एक उद्योग केला. एसी दुरुस्तीच्या एका बॅचमधल्या नऊ मुलांचे नंबर घेतले आणि मस्कतला परत आल्यावर शुक्रवारी सकाळी एकेकाला फोन लावला. नऊही जणांना नोकरी लागली होती, हे खरं. चार महिन्यांनंतर त्या कामावर दोघेच होते. बाकीच्यांपैकी बहुतेक जण पार्सल पोचवत होते, एक वडापावच्या गाडीवर होता.

आमची पहिली प्रतिक्रिया तुमची झाली असती तीच. या पोरांना चिकाटी नाही! पण ताई म्हणाल्या, जरा नीट विचारा. विचारलं तर एका मुलाने हिशेबच सांगितला. तो कामाला लागला महिन्याच्या तीन तारखेला. पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस हातात काही नाही. काम अंधेरीला. मानखुर्दहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून अंधेरी, पुढे शेअर रिक्षा. सेफ्टी शूज स्वतःचे आणायचे. दुपारचं खाणं बाहेर. पंधराव्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, बाइक आणि लायसन्स असेल तर टेक्निशियन, नाहीतर हेल्परच राहशील. घरात आई भांडी घासायला जाते, तिच्याकडून रोजचे पैसे मागून मागून किती मागणार? विसाव्या दिवशी मित्राने सांगितलं की पार्सलच्या कामाला दर आठवड्याला पैसे मिळतात. गेला. "सर, पगार तिकडे कमी-जास्त नव्हता," तो म्हणाला, "तिकडे तो लवकर होता."

हे वाक्य आम्हांला बराच काळ पुरलं. आम्ही दहा संगणक दिले होते आणि पोरगं अडलं होतं रेल्वेच्या पासावर.

आमच्यातल्या एकाचे आजोबा लालबागला गिरणीत होते. ही हकीगत ऐकल्यावर त्यांच्या घरातल्या गोष्टी निघाल्या, आणि तेव्हा आम्हांला वाटलं की हा प्रश्न मुंबईने एकदा सोडवला होता. कोकणातून, घाटावरून जो पोरगा गिरणगावात यायचा तो कामाला लागायचा 'बदली' म्हणून. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी. आज काम मिळेल, उद्या नाही. हातात प्रमाणपत्र कसलं? साचेखात्यात काका असायचा, नाहीतर गाववाला, त्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं. तोच जॉबरकडे शब्द टाकायचा. झोपायला गावकऱ्यांची खोली, एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने. आणि जेवायला खानावळ. त्या बायका महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या आणि पगार झाला की पैसे घ्यायच्या. या खानावळवाल्यांची कुठे मोजदाद नव्हती. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, ते या बायकांसाठी. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

म्हणजे बघा, प्रशिक्षण काका देत होता, शिफारस गाववाला करत होता आणि पहिला पगार होईपर्यंतचं कर्ज खानावळवाली देत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू मोडलं. आपण बोलतो ते गेलेल्या नोकऱ्यांबद्दल. ही शब्द टाकण्याची आणि उधारीची साखळी गेली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. (जुन्या दिवसांचं कौतुक मात्र आम्हांला करायचं नाही. काका ज्याचा, काम त्याला, असाही तो कारभार होता. ज्याचं कोणी नाही, ज्याची जात खालची, त्याला साचेखात्यात सहसा शिरकाव नसायचा.)

आता कोणी म्हणेल, सरकारी योजना इतक्या आहेत. आहेत, आणि चांगल्याही आहेत. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ २००८ साली झालं, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली आली. ॲप्रेंटिस कायदा तर १९६१ चा आहे. त्याच्या नियमांत २०१९ साली दुरुस्ती होऊन किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजार रुपये ठरलं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास असेल तर महिना सहा हजार, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर आठ, पदवी असेल तर दहा. आम्ही उत्साहाने ही माहिती केंद्रावर कळवली. सर हसले. म्हणाले, "आमच्याकडे येणाऱ्या पोरांत बारावी पास किती, ते विचारा आधी." योजना बारावीपासून सुरू होते आणि वस्तीतल्या मुलाची शाळा त्याआधीच सुटलेली असते. एक गोष्ट मात्र इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडे उपयोगी पडेल: आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा आहे. हे बऱ्याच आईवडिलांना ठाऊकच नसतं.

हे काम मनापासून करणारे लोक आहेत. वांद्र्याच्या खेरवाडीत बाळासाहेब खेरांनी १९२८ साली सुरू केलेली संस्था आहे. तिने १९९८ पासून 'युवा परिवर्तन' या नावाने शाळा सोडलेल्या मुलांसाठी शिवणकाम, मोटार दुरुस्ती, वायरिंग, घरगुती रुग्णसेवा असे छोटे कोर्स चालवले. पुण्यात महापालिकेच्या जागेत 'लाइटहाउस' नावाची केंद्रं आहेत, पहिलं २०१६ साली औंधला सुरू झालं. त्यांचा एक विचार आम्हांला फार पटला. आल्या आल्या कोर्सला बसवत नाहीत. आधी काही आठवडे मुलाशी नुसतं बोलतात, त्याला काय जमतं, काय आवडतं, घरी काय परिस्थिती आहे. कोर्स त्यानंतर. आम्ही इंजिनियर लोक हे नेमकं उलटं करतो, आधी सोल्यूशन आणि मग प्रॉब्लेम!

आता ओमानकडे येतो, कारण बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणणारच की मुंबईचं सांगता, इथे आपला काय संबंध? घालाच्या किंवा वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. तिथला वेल्डर भरतीच्या वेळी मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन आलेला असतो. त्या टेस्टमध्ये प्रमाणपत्राकडे कोणी ढुंकून बघत नाही. सहा-जी म्हणतात त्या परीक्षेत पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती फिरून जोड पुरा करायचा. हात बसलेला असेल तरच जमतं, आणि हात बसायला कामावर टिकावं लागतं. एसीचंही तसंच. गॅस भरायला कोणीही शिकतो. गळती कुठे आहे ते शोधणं, व्हॅक्यूम नीट काढणं, हे वर्षभर उस्तादाच्या मागे फिरल्याशिवाय येत नाही. तीन महिन्यांच्या कोर्सने मुलगा फक्त त्या उस्तादाच्या दारात उभा राहतो. विसाव्या दिवशी तो परत फिरला तर कोर्सही गेला आणि कारागीरही. आणि दहावी नापास असेल तर पासपोर्ट ईसीआरचा. ओमानसकट अठरा देशांत नोकरीला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. नियम त्याच्या संरक्षणासाठीच आहे, पण त्याच्या वाटेवर अजून एक दार आहे एवढं खरं.

आपल्या यजमान देशालाही हा प्रश्न नवा नाही. २०११ साली सोहारमध्ये तरुण रस्त्यावर आले ते रोजगारासाठी. तेव्हा सुलतान काबूस यांनी पन्नास हजार नोकऱ्यांची घोषणा केली आणि त्याबरोबरच नोकरी शोधणाऱ्याला महिना दीडशे रियाल भत्ता जाहीर केला. त्यातला दुसरा भाग आम्हांला आता जास्त समजतो. नोकरी शोधायलाही खर्च येतो. आपल्यापैकी जे रूवीच्या बॅचलर खोल्यांत पहिले दोन महिने दुसऱ्याच्या भाताच्या भांड्यावर जगले, त्यांना हे सांगायला नको.

तर गेल्या वर्षी आम्ही संगणक घेतले नाहीत. त्याच केंद्रातल्या बारा मुलामुलींना, नोकरी लागल्याच्या दिवसापासून तीन महिने, रेल्वेचा पास, शूज, दुपारच्या जेवणाचे पैसे आणि शिकाऊ लायसन्सची फी एवढंच द्यायचं ठरवलं. एका मुलामागे साधारण आठ हजार रुपये, म्हणजे चाळीस रियालच्या आत. भेट द्यायची की उसने द्यायचे यावर आमच्यात चांगलं भांडण झालं. एक बाजू म्हणत होती, आठ हजारांसाठी गरिबाच्या मागे काय लागायचं? दुसरी बाजू म्हणाली, खानावळवाली फुकट देत नव्हती, म्हणून तर पोरगा ताठ मानेने जेवत होता. शेवटी बिनव्याजी उसने ठरले, चौथ्या महिन्यापासून जमेल तसे परत. बारापैकी आठ जण सहा महिन्यांनंतरही कामावर आहेत. पाच जणांनी पैसे पुरे फेडले, तिघे थोडे थोडे देताहेत, दोघांनी फोन उचलणं बंद केलं आहे. बारा जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हांला कळतं. रजिस्टरमध्ये आता पुढचा रकाना आहे, एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो.

मुलींच्या बाबतीत आमचा अंदाज पुन्हा चुकला. चौघी रुग्णसेवेच्या कामाला लागल्या. त्यांना पैशांची अडचण कमी होती, अडचण होती रात्री नऊला सुटणाऱ्या पाळीची. दोघींच्या घरच्यांनी काम सोडायला लावलं. बाकीच्या दोघी एकाच ठिकाणी, एकाच पाळीला होत्या म्हणून टिकल्या. यंदा मुलींना जोडीनेच कामाला लावा, असं आम्ही केंद्राला सांगितलं आहे. याला आपला एक पैसाही लागत नाही.

यंदा चाळीस मुलं घ्यायची इच्छा आहे. निधी इथल्या कायद्याप्रमाणे, परवानगीच्या चौकटीतच गोळा होतो, तेव्हा कृपया कोणी परस्पर वर्गणी काढू नये. परत आलेला पैसा पुढच्या बॅचला जातो. हिशेब मंडळाच्या खजिनदारांकडे कधीही बघायला मिळेल.

पण पैशांपेक्षा आज आम्हांला माणसं कमी पडताहेत. कामावर टिकलेल्या आठही जणांना आम्ही विचारलं की कशाचा उपयोग झाला. पासाचं नाव त्यांनी घेतलं, पण आधी घेतलं दर आठवड्याच्या फोनचं. "सुपरवायझर ओरडला की वाटायचं सोडून द्यावं, पण शुक्रवारी दादाचा फोन येणार, त्याला काय सांगू?" असं एक जण म्हणाला. बारा मुलांना आठ जण पुरलो. चाळीस जणांना पुरणार नाही. दहा मिनिटांचं बोलणं असतं. काय काम केलं, कोण ओरडलं, जेवलास का. तांत्रिक ज्ञान लागत नाही, आमच्यापैकी सात जणांना एसीतलं काही कळत नाही.

चहाच्या टेबलाजवळ दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पेटी पैशांसाठी आहे. वही फोन करायला तयार असणाऱ्यांसाठी. वहीत नावापुढे तुम्हांला सोयीचा वार लिहा. मुलं कामावरून घरी पोचतात तेव्हा तिकडे आठ वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहा.