रोगाचें नांव कोण ठेवतो?



सन १९१८ सालच्या साथीला आपल्या आज्यापणज्यांनीं 'मानमोडी' म्हटलें. माणसाची मान मोडणारी ती मानमोडी. नांवांत लपवाछपवी नाहीं. पण जगाच्या पुस्तकांत तिचें नांव पडलें 'स्पॅनिश फ्लू'. तें कसें पडलें तें ऐका.

युरोपांत महायुद्ध पेटलेलें. मार्चांतच अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतांतील फन्स्टन छावणींत शेंकडों शिपाई तापानें आडवे झाले. पण लढणाऱ्या देशांतल्या पत्रांना असलें कांहीं मोकळेपणीं छापण्याची सोय नव्हती. शत्रूला कमजोरी कळेल, लोकांचा धीर सुटेल, ही सबब. स्पेन लढाईंत नव्हता. मे महिन्यांत तेथला राजा तेरावा आल्फोन्सो आजारी पडला आणि तेथील पत्रांनीं तें छापलें. झालें! ज्यानें आरोळी दिली तोच चोर ठरला. खुद्द स्पेनचे लोक त्या तापाला 'नेपल्सचा शिपाई' म्हणत. तें त्या वेळच्या नाटकांतलें एक गाणें, तापासारखेंच तोंडोतोंडीं पसरणारें.

कोणी म्हणेल, नांवानें काय होतें? फिलाडेल्फिया शहरांत २८ सप्टेंबर १९१८ रोजीं युद्धकर्जासाठीं मिरवणूक निघाली. डॉक्टर नको नको म्हणत होते. अधिकारी म्हणत, हा नेहमींचाच ताप. दोन लाख माणसें रस्त्यावर जमलीं. तीन दिवसांत इस्पितळें भरलीं, आणि सहा आठवड्यांत बारा हजारांवर माणसें गेलीं.

आपल्याकडे १० जून रोजीं मुंबईंत सात पोलीस शिपाई इस्पितळांत दाखल झाले; त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी टर्नर जहाजांकडे बोट दाखवीत. सरकार म्हणे, जहाजावरच्यांनाच मुंबईंत ताप लागला. दोघांचा वाद चालला आणि रोग आगगाडींत बसून पुढें गेला. त्या सालीं पाऊसही दगा देऊन गेला होता. पोटांत अन्न नाहीं, अंगावर पांघरूण नाहीं, अशा घरांत तो शिरला. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं असा अंदाज आहे.

अंदाजच म्हणायचा! कारण खेड्यांतल्या मृत्युनोंदींत बहुतेकांपुढें एकच शब्द असे : 'ताप'. हिंवतापानें मेला तरी ताप, मानमोडीनें मेला तरी ताप. लिहिणाराला रोग ओळखतां येत नव्हता आणि वर विचारणाराही कोणी नव्हता. स्पेनला निदान खोटें नांव मिळालें; आमच्या माणसांच्या मरणाला नांवच मिळालें नाहीं.

सन २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें कीं, नव्या रोगाला देशाचें, लोकांचें, धंद्याचें वा जनावराचें नांव देऊं नये. शहाणपण आलें, पण सत्त्याण्णव वर्षांनीं.

ज्यांच्या घरीं मानमोडीची आठवण अजून सांगतात, त्यांनीं सभेनंतर जरा थांबावें. कोणाच्या घरचें कोण गेलें, कोणत्या गांवीं, तें लिहून घेण्यासाठीं मीं वही आणली आहे.